दगड उलटल्यावर : आंबोलीच्या एका व्हाळावर पाच दिवस

आंबोलीला लोक जातात ते पावसात. पण तळाच्या दगडांवरच्या किड्यांवरून ओढ्याची तब्येत तपासायची असेल तर पावसाळा सगळ्यात निरुपयोगी. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे जून ते सप्टेंबर तळाचे दगडच गडगडत असतात. त्यांना चिकटलेले किडे वाहून जातात, जाळं हातात टिकत नाही आणि जे सापडतं ते त्या जागेचं नसून वरून आलेलं असतं. पाऊस थांबल्यावर किमान पाच-सहा आठवडे प्रवाह एकसारखा राहिला की तळ पुन्हा वसतो. मार्चनंतर लहान व्हाळ, म्हणजे ओढे, तुटून डबकी उरतात. म्हणजे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच काळ हाती राहतो. आम्ही डिसेंबरचा पहिला आठवडा धरला.

व्हाळाचं नाव देत नाही, कारण असे पंधरा-वीस व्हाळ या पठारावर आहेत आणि पद्धत सगळ्यांना सारखीच लागू पडते. रुंदी दीड-दोन मीटर, वरचा भाग गच्च सदाहरित जंगलात, मधे रस्त्याची मोरी, खाली वस्ती. पाणी हिरण्यकेशीला मिळतं आणि आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेतून कृष्णेत जातं. पलीकडच्या कड्यावरून पडणारं पाणी मात्र अरबी समुद्राची वाट धरतं.

पहिला दिवस : हात कोरडे ठेवून

सावंतवाडीहून तीसेक किलोमीटरचा घाट चढून सकाळी दहाला वर. पहिलं काम कागदांचं. वनखात्याचं लेखी पत्र खिशात असल्याशिवाय जंगलातल्या पाण्यात जाळं घालायचं नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही आधी कळवायचं. हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडाकडे तर जाळं घेऊन फिरकायचंही नाही. २०२० साली विज्ञानाला नव्याने कळलेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटभर मासा तिथलाच, आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिथे काठावर बसून डोळ्यांनी पाहायचं, बस.

उरलेला दिवस चालण्यात. खालून वर, काठाकाठाने, पाण्यात पाय न घालता. वरून खाली आलात तर तुमच्याच पायांनी उठलेला गाळ पुढे पुढे जातो आणि पाहायचं तेच झाकतं. या चालण्यात तीन पट्टे ठरवले, प्रत्येकी शंभर मीटर :

पट्टा १ जंगलात, रस्त्यापासून अर्धा किलोमीटर वर. पट्टा २ मोरीच्या खाली तीस मीटरवर सुरू होणारा. पट्टा ३ वस्तीजवळ, कपडे धुण्याच्या दगडांच्या खालून.

पट्टा निवडताना एक चूक हमखास होते. देखणा धबधबा किंवा मोठी कोंड पाहून लोक तिथेच थांबतात. शंभर मीटरांत किमान दोन खळाळ, दोन कोंडी आणि मधली सरळ धार असं सगळं यायला हवं, आणि तिन्ही पट्ट्यांत त्यांचं प्रमाण साधारण सारखं हवं. नाहीतर शेवटी तुलना होते ती खळाळाची कोंडीशी, वरच्या ओढ्याची खालच्या ओढ्याशी नाही. पट्टा ३ च्या वर गावकऱ्यांनी सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला होता. गुरांना आणि विहिरींना त्याचा उपयोग आहेच, पण त्याच्या फुगवट्यात सत्तर मीटर खळाळ बुडून गेला होता. तो भाग सोडला.

संध्याकाळी सामान मांडून पाहिलं. इंग्रजी डी अक्षरासारखी चौकट असलेलं जाळं, तळाची बाजू तीस सेंटिमीटर, जाळीची भोकं ५०० मायक्रॉनची. याहून बारीक जाळी घेतली तर पानांच्या चुऱ्याने दोन मिनिटांत तुंबते आणि आलेलं पाणी तोंडातून किड्यांसकट मागे उलटतं. मच्छरदाणीची जाळी याच्या उलट, तिच्या भोकांतून निम्म्या अळ्या निसटतात. दोन पांढरे ट्रे, मऊ चिमटे, तोंड कापून रुंद केलेले ड्रॉपर, दहापट भिंग, तीस मीटरची टेप, स्टीलची पट्टी, अर्धा डझन सुपाऱ्या, ३०० मिलिलिटरच्या काचेच्या झाकणाच्या बाटल्या, ऐंशी टक्के अल्कोहोल. बाटलीच्या आत टाकायच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहायच्या. बॉलपेनाची शाई अल्कोहोलात विरघळते आणि महिन्याने हातात निळसर पाणी नि कोरा कागद उरतो. पायांत गमबूट नकोत, शेवाळलेल्या कातळावर ते साबणासारखे घसरतात. सह्याद्रीत मजुरापासून ट्रेकरपर्यंत सगळे वापरतात ते स्वस्त रबरी खुंट्यांचे फुटबॉलचे बूट सर्वांत बरे.

दुसरा दिवस : पट्टा १

सकाळी साडेआठ. वर अंजनी, जांभूळ, पिसा यांचं छत. छताची दाटी मोजणाऱ्या डेन्सिओमीटरच्या आरशात चोवीस चौकटी असतात. प्रत्येकीत चार ठिपके मनाने धरायचे, एकूण शहाण्णव. पानांनी झाकलेले ठिपके मोजून १.०४ ने गुणलं की टक्केवारी. मधोमध उभं राहून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार वाचनं घेऊन सरासरी काढायची. इथे छत नव्वद टक्क्यांच्या वर. सावली मोजायची ती पाणी थंड राहतं म्हणून, आणि त्याहून जास्त यासाठी की अशा ओढ्याचं अन्न पाण्यात तयार होत नाही, वरून पडतं. पान हेच इथलं धान्य.

आधी पाणी, मग तळ, हा क्रम मोडायचा नाही. पाय पाण्यात पडायच्या आत पाण्याचे नमुने.

तापमान १८.५ अंश. विद्युतवाहकता ३२ मायक्रोसीमेन्स. लोक विरघळलेले क्षार मोजणारा खिशातला टीडीएस पेन घेऊन येतात, पण जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात क्षार इतके कमी की तो पेन पंधरा-वीसच्या आसपास घुटमळतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही. सामू मोजतानाही हीच अडचण. क्षार कमी असले की प्रोब सुस्तावतो. ४ आणि ७ च्या द्रावणांत लावून घेतलेला मीटरसुद्धा इथे स्थिरावायला चार-पाच मिनिटं घेतो. तीस सेकंदांत बाहेर काढला तर ७.१ दाखवेल, थांबलात तर ६.४. आता गंमत अशी की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'अ' वर्गाला, म्हणजे निर्जंतुक करून थेट पिण्यायोग्य स्रोताला, सामू ६.५ ते ८.५ लागतो. म्हणजे कागदावर हा निर्मळ व्हाळ नापास! दोष पाण्याचा नाही. जांभा आणि कुजणारी पानं पाणी किंचित आम्ल करतातच.

विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने. बाटली पाण्याखाली तिरकी धरून काठोकाठ भरायची आणि झाकण पाण्यातच लावायचं. उलटी करून टिचकी मारल्यावर बुडबुडा दिसला तर ओतून परत. मग मॅंगनस सल्फेट दोन मिलि आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड दोन मिलि, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. पंधरा वेळा उलटसुलट करून साका अर्धा खाली बसू द्यायचा. तपकिरी साका म्हणजे प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल दोन मिलि. इथवर जागेवरच उरकायचं, पुढचं अनुमापन संध्याकाळी खोलीवर केलं तरी चालतं. त्यातलं २०३ मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन केलं की जेवढे मिलिलिटर तेवढे मिलिग्रॅम प्रतिलिटर. स्टार्च सुरुवातीला घालू नये, रंग पेंढ्यासारखा फिका पिवळा झाल्यावरच घालावा, नाहीतर निळा रंग धरून बसतो आणि शेवटचा बिंदू चुकतो.

आकडा आला ८.३. कुणी म्हणेल १८.५ अंशांना संपृक्त पाण्यात ९.४ हवा, मग हा कमी कसा? तो ९.४ समुद्रसपाटीचा. आंबोली सातशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब आठ टक्के कमी, म्हणून इथली मर्यादाच ८.६. हा व्हाळ शहाण्णव टक्के भरलेला निघाला. उंचीची ही दुरुस्ती न केल्यामुळे घाटमाथ्यावरचे कितीतरी ओढे अहवालांत उगाचच आजारी ठरतात.

प्रवाह सुपारीने मोजला. दहा मीटर सरळ धार, सहा वेळा सुपारी सोडली, एकदा ती मुळांत अडकली ती फेरी सोडून दिली, उरलेल्यांची सरासरी चाळीस सेकंद. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर. खडकाळ तळाशी पाणी रेंगाळतं म्हणून ०.८ ने गुणायचं, ०.२०. रुंदी १.८ मीटर, खोली तीन ठिकाणी १४, १९ आणि ११ सेंटिमीटर. बेरीज ४४, पण भागायचं तीनने नाही, चारने, कारण दोन्ही काठांवर खोली शून्य होत जाते. सरासरी ११ सेंटिमीटर. ०.२० × १.८ × ०.११ म्हणजे सेकंदाला साधारण चाळीस लिटर.

मग खडे. १९५४ पासून जगभर चालत आलेली ही मोजणी आहे आणि तिला खर्च शून्य. पट्ट्यात नागमोडी चालायचं, प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी न बघता बोट टेकवायचं आणि पहिला लागेल तो खडा उचलून त्याची मधली बाजू मोजायची, सर्वांत लांबही नाही आणि सर्वांत आखूडही नाही. असे शंभर. बघून उचललं तर हात नेहमी मुठीएवढ्या गोल दगडाकडे जातो आणि वाळू नोंदलीच जात नाही. दोन मिलिमीटरच्या खाली गेलं की ती वाळू-गाळ. इथे शंभरात आठ.

त्याबरोबर रुतण पाहायची. खळाळातला वीतभर दगड उचलला की त्याच्या अंगावर एक रेषा दिसते : वर शेवाळी, खाली मातकट किंवा फिकट. त्या रेषेखालचा भाग म्हणजे दगड तळात किती रुतला होता तो. पाव भागापर्यंत रुतलेला असेल तर उत्तम. इथले बहुतेक दगड बोटांत सहज उचलले जात होते आणि खाली पोकळ्या होत्या. या पोकळ्यांतच सगळी वस्ती.

जाळं शेवटी. एकूण वीस वेळा, प्रत्येक वेळी अर्धा मीटर : खळाळात दहा, साचलेल्या पानांत चार, काठच्या मुळांत चार, कोंडीच्या वाळूत दोन. मिळून तीन चौरस मीटर तळ होतो. जाळं प्रवाहाविरुद्ध तोंड करून तळाला दाबून धरायचं, समोरचे दगड आधी हाताने चोळायचे, मग पायाने ढवळायचं. दर तीन-चार वेळांनी जाळं बादलीत रिकामं करायचं. काठच्या फांदीला हात घालण्यापूर्वी ती नीट बघावी. मलबारी चापडा हा विषारी साप पानाच्याच रंगाचा असतो आणि पाण्यावर झुकलेली फांदी ही त्याची आवडती बैठक.

ट्रेमध्ये पाणी निवळलं की हालचाल सुरू होते. इथे पाच मिनिटं काहीही न उचलता पाहावं.

पोटाच्या दोन्ही कडांना हलत्या झालरी आणि मागे तीन शेपट्या म्हणजे मेफ्लायची पिल्लं. दोन शेपट्या, पायाला दोन नख्या आणि काखेत कापसासारखे कल्ले म्हणजे स्टोनफ्लाय. शिकवताना सोपं म्हणून 'तीन शेपट्या मेफ्लाय, दोन स्टोनफ्लाय' असं सांगतात आणि तिथेच फसगत होते, कारण वेगवान पाण्यात राहणाऱ्या चपट्या मेफ्लायपैकी एपिओरसला दोनच शेपट्या असतात. शेपटी मोजू नका, कल्ले कुठे आहेत ते बघा. पोटावर असतील तर मेफ्लाय.

एका पानाखाली काडेपेटीच्या काडीएवढी चौकोनी नळी चालत होती. भिंगाखाली पाहिलं तर पानाचे कापलेले चौकोनी तुकडे विटांसारखे एकावर एक रचलेले, चार भिंती काटकोनात, आणि पुढच्या तोंडातून सहा पाय नि तपकिरी डोकं. ही लेपिडोस्टोमॅटिडी कुळातली कॅडिसफ्लायची अळी. चिमट्याने नळीला धक्का लागताच ती आत गेली आणि नळी निर्जीव कचऱ्यासारखी ट्रेच्या कोपऱ्यात पडून राहिली. घाईत निवडणारा माणूस तिला काडी समजून फेकून देतो. काडीसारखं काहीही फेकण्यापूर्वी दोन मिनिटं स्वस्थ पाण्यात ठेवायचं.

स्टोनफ्लाय आणि चतुराची पिल्लं लगेच वेगळ्या बाटलीत. ती शिकारी असतात. एकाच डब्यात सगळे ठेवले तर संध्याकाळपर्यंत मोजणी त्यांनीच उरकलेली असते. ट्रे सावलीत हवा. उन्हात दहा मिनिटांत पाणी तापतं आणि आधी मरतात ती नेमकी सर्वांत नाजूक, म्हणजे सर्वांत महत्त्वाची. कुळ कळलं त्यांना जागीच सोडलं, शंका असलेले मोजके नमुने परवान्यात आहेत तेवढेच अल्कोहोलात. खेकडे मोजून लगेच सोडले.

तिसरा दिवस : मोरीखाली

निघण्यापूर्वी जाळं, बूट, बादली ब्लीचच्या पाण्यात बुडवून, धुऊन रात्रभर वाळवलेली. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे आणि ओल्या बुटाइतकं सोयीचं वाहन तिला दुसरं नाही. शिवाय जाळ्याच्या शिवणीत अडकलेला कालचा एक मेफ्लाय आजच्या पट्ट्याला फुकटचे दहा गुण देऊन जातो.

पाण्याचे आकडे कालच्यासारखेच. प्राणवायू ८.१, विद्युतवाहकता ३५, पाणी काचेसारखं स्वच्छ. प्रयोगशाळेत फक्त बाटली पाठवली असती तर दोन्ही पट्टे एकाच वर्गात बसले असते.

दगड उचलायला गेलो तर हललाच नाही.

दुसरा हलला, पण खालून पोकळीऐवजी तांबूस रेव निघाली आणि पाण्यात धूर पसरावा तसा गाळ. रेषा दगडाच्या निम्म्याहून वर. शंभर खड्यांत दोन मिलिमीटरच्या खालचे सदतीस. सोबत आलेले आजोबा काठावरूनच म्हणाले, "आदी हय मासे खूप गावत. आता नुसती रेव." खात्री करायला मोरीच्या वर पन्नास मीटरवर पुन्हा शंभर खडे मोजले : अकरा. म्हणजे जंगल नाही, मधली मोरीच. रस्त्याच्या कडेला उताराला टेकून मुरमाचा ढीग होता आणि बाजूच्या गटाराचं तोंड थेट व्हाळात. पावसाळ्यात हे सगळं खाली येतं आणि पूर ओसरताना दगडांच्या फटींत बसतं. डिसेंबरात पाणी नितळ होतं, तोवर गुन्ह्याची खूण पाण्यात उरत नाही, ती राहते तळात.

मोरीचा पाईप पाहण्यासारखा होता. त्याचं खालचं तोंड ओढ्याच्या पाण्यापासून वीतभर उंच, पाणी तिथून उडी मारून खाली पडतं आणि खाली खोल खड्डा झालाय. तळाला चिकटून सरकणारे मासे आणि कोळंब्या अशी उडी चढू शकत नाहीत. वरचा ओढा त्यांच्यासाठी बंद. हे नोंदायला पट्टी आणि फोटो पुरतात : पाईपचा व्यास, तोंडापासून पाण्यापर्यंतचं अंतर, आतल्या पाण्याची खोली.

जाळ्यात काय आलं? चपटे मेफ्लाय नाहीत, स्टोनफ्लाय नाहीत, पानांची नळी बांधणारे नाहीत. वाळूत पुरून घेणारी गोम्फिडी कुळातल्या चतुरांची पिल्लं भरपूर, गाळात राहणारे बारके केनिडी मेफ्लाय, तांबड्या अळ्या, गांडुळासारखे कृमी. काठाला सावली कमी, रानमोडीचं रान माजलेलं.

संध्याकाळी दिवसाच्या टिपणांशेजारी रकाना भरून ठेवला : अधिवासाचे दहा निकष, प्रत्येकी वीस गुण, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या जलद पाहणी पद्धतीतले. ते दोघांनी स्वतंत्रपणे द्यायचे आणि तीनपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा ओढ्यावर जाऊन बघायचं, चर्चेत मधला आकडा काढायचा नाही.

चौथा दिवस : पहाटे सहा

पट्टा ३ ला आदल्या दुपारी तीनलाच एक वाचन घेऊन ठेवलं होतं : २२.५ अंश, प्राणवायू ९.१. या तापमानाला इथली मर्यादा आठच्या जेमतेम आत, म्हणजे एकशेचौदा टक्के. तिन्ही पट्ट्यांत सर्वांत 'चांगला' आकडा, आणि तो सर्वांत बिघडलेल्या जागी! छत नाही, ऊन आहे, साबणाच्या आणि शोषखड्ड्यांतून झिरपणाऱ्या पाण्यातलं खत आहे. दगडांवर हिरव्या शेवाळाच्या लांब शेंड्या माजल्या होत्या आणि त्या दुपारी प्राणवायू ओकत होत्या. रात्री तेच शेवाळ तो परत ओढून घेतं. म्हणून पहाटे, सूर्य वर यायच्या आत, १७.५ अंशांना दुसरं वाचन : ६.२. मर्यादेच्या सत्तर टक्के. दिवसरात्रीचा हा झोका हीच इथली खरी नोंद. दुपारी एकदाच जाऊन मोजणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही.

विद्युतवाहकता ७१. आकडा लहान वाटेल, पण वरच्याच्या दुपटीहून जास्त. जांभ्याच्या मुलखात तुलना नेहमी त्याच ओढ्याच्या वरच्या भागाशी करायची, पुस्तकातल्या मर्यादेशी नाही.

पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळ्या पडणाऱ्या, हायड्रोजन सल्फाइडची पट्टी असलेल्या बाटल्या आदल्या दिवशीच तिन्ही ठिकाणी भरल्या होत्या. पट्टा ३ ची सकाळपर्यंत काळी ठिक्कर. पट्टा १ चीही दुपारपर्यंत करडी झाली. गवे, रानडुकरं याच पाण्यावर येतात, त्यामुळे जंगलातला ओढा निरोगी असला तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. या दोन गोष्टी लोक हमखास एक समजतात.

जाळ्यातलं इथलं पीक भरघोस, पण तेच ते : जाळी विणणाऱ्या हायड्रोसायकिडी अळ्या, काळ्या माशीच्या अळ्या, तांबड्या अळ्या, गोगलगाई. साडेनऊला बायका धुणं घेऊन यायच्या आत काम आवरून वर आलो.

पाचवा दिवस : टेबलावर

केंद्रीय मंडळाच्या जैविक निकषात दोन आकडे लागतात. पहिला कुळांच्या गुणांची सरासरी. आम्ही गुण मूळ ब्रिटिश तक्त्याचे धरले, ज्यात घाण न सोसणाऱ्या कुळाला जास्त गुण असतात. पट्टा १ : चपटे मेफ्लाय १०, लेप्टोफ्लेबिडी मेफ्लाय १०, पर्लिडी स्टोनफ्लाय १०, लेपिडोस्टोमॅटिडी १०, फिलोपोटॅमिडी कॅडिस ८, गोम्फिडी ८, हायड्रोसायकिडी ५, एल्मिडी भुंगे ५, काळी माशी ५, बेटिडी मेफ्लाय ४, तांबड्या अळ्या २. बेरीज ७७, कुळं अकरा, सरासरी ७.०. नाण्यासारख्या चपट्या सेफेनिडी अळ्याही होत्या, पण ते कुळ त्या तक्त्यात नाहीच, त्यामुळे त्याला गुण नाही. अंदाजाने आठ-नऊ टाकायचा मोह टाळून फक्त नोंद ठेवायची.

दुसरा आकडा विविधतेचा, आणि तो काढायला किड्यांची नावंही लागत नाहीत. निवडलेले जीव न बघता ओळीत मांडायचे आणि प्रत्येकाची फक्त त्याच्या आधीच्याशी तुलना करायची. वेगळा दिसला की नवा गट. मेफ्लाय, मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस, कॅडिस, मेफ्लाय अशी ओळ असेल तर जीव सहा, गट चार, विविधता ०.६७. अट एकच : मांडताना हाताने जुळवाजुळव करायची नाही. सारखे शेजारी ठेवण्याची हाताला खोड असते. म्हणून ट्रे हलवून ड्रॉपरला येईल तसे घ्यावेत.

सरासरी ७ ते १० आणि विविधता ०.२ ते १ असेल तर 'अ' वर्ग. सरासरी ६ ते ७ 'ब', ३ ते ६ 'क'. पट्टा ३ ची सरासरी ४.४, 'क'. अपेक्षित. पट्टा २ मध्ये लेप्टोफ्लेबिडी १०, गोम्फिडी ८, लिबेलुलिडी चतुर ८, केनिडी ७, हायड्रोसायकिडी ५, बेटिडी ४, तांबड्या अळ्या २, कृमी १ : बेरीज ४५, कुळं आठ, सरासरी ५.६. तोही 'क', पण जेमतेम, आणि हा आकडासुद्धा पट्टा २ ला झुकतं माप देतो. तक्ता सांडपाणी ओळखण्यासाठी केलेला आहे, माती ओळखण्यासाठी नाही. वाळूत राहणाऱ्या गोम्फिडीला तो ८ देतो, गाळात रमणाऱ्या केनिडीला ७. म्हणजे ज्या रोगाने ओढा आजारी आहे त्याच रोगावर जगणारे त्याचे गुण वाढवतात. यासाठी सरासरीशेजारी आणखी दोन रकाने ठेवले : मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस मिळून कुळं किती, आणि शंभरात वाळूचे खडे किती. पट्टा १ ला सात आणि आठ, पट्टा २ ला चार आणि सदतीस. मोरीचं दुखणं या दोन आकड्यांत सर्वांत स्पष्ट दिसतं.

अल्कोहोल चोवीस तासांनी बदललं. किड्यांच्या अंगातलं पाणी त्यात उतरून ते पातळ होतं आणि पंधरवड्यात नमुने मऊ पडून पाय गळतात, मग भिंगाखाली नुसती धडं.

ग्रामपंचायतीत ठेवलेल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या. मुरमाचा ढीग मेअखेरच्या आत हलवावा. गटाराचं पाणी व्हाळात सोडण्यापूर्वी दोन मीटर लांब, एक मीटर खोल खड्ड्यात थांबवावं आणि तो खड्डा दर पावसाळ्यात दोनदा उपसावा, न उपसलेला खड्डा पहिल्याच महिन्यात भरून निरुपयोगी होतो. पाईपच्या तोंडाखाली मोठे दगड रचून पाणी पाईपपर्यंत चढवावं. धुण्याच्या दगडांबद्दल काही लिहिलं नाही. तिथे आधी घरांना नळाचं पाणी बारा महिने लागेल, मग बोलता येईल.

मोरीच्या कठड्यावर रंगाने शून्याची खूण केली आहे. पुढच्या डिसेंबरात तिथूनच तीस मीटर मोजून पुन्हा शंभर खडे.